नदीच्या कुशीत

आमच्या हातून आजवर जे काही लिहून झाले, त्यात सर्वाधिक वाचले गेलेले वाक्य एका प्लॉटच्या जाहिरातीतले आहे. वाक्य सहा शब्दांचे: ‘नदीच्या कुशीत, आपल्या मातीत, आपले घर.’ क्रियापदही नाही. आमच्या दोन समीक्षाग्रंथांच्या मिळून जेवढ्या प्रती खपल्या, त्याहून अधिक लोकांनी हे वाक्य एका दुपारीत पाहिले, असे ते लिहून घेणाऱ्याने आम्हाला मोबाईलवरचा आकडा दाखवून सांगितले होते. त्या वेळी आम्हाला आनंद झाला होता, हे आरंभीच कबूल केलेले बरे. कारण पुढचे सारे त्या आनंदाविषयीच आहे.

हे घडले २०२१ च्या दिवाळीत, अंजनगाव सुर्जीला. नोकरीपायी आमचे बिऱ्हाड फार वर्षांपूर्वी अमरावतीला हलले. गावात थोरल्या भावाचे घर तेवढे उरले आहे आणि सणासुदीला आम्ही तिथे जातो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. बी.ए.ला मराठी वाङ्मय घेऊन बरे गुण मिळवलेला, पण नोकरी न लागलेला. आधी मोबाईल रिचार्जचे दुकान, मग विम्याची एजन्सी असे करत करत तो प्लॉटच्या धंद्यात आला होता. पूर्वी अशा माणसाला दलाल म्हणत. आता त्याच्या कार्डावर ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’ असे होते. वाकून नमस्कार करून तो म्हणाला, “सर, मले बाकी सारं जमते, पण लेहाचं जमत नाई. तुमी दोन वळी लेहून द्या, बस.”

विद्यार्थ्याने पाया पडून ओळी मागितल्या की मराठीच्या मास्तराचे काय होते, हे वाचकांपैकी जे मास्तर आहेत त्यांना सांगायला नको. तरीही आम्ही सावधपणाचा आव आणून त्याला धंदा कसा चालतो ते विचारले. त्याने जे सांगितले ते आम्हाला त्या वर्षी वाचलेल्या पुष्कळशा समीक्षेपेक्षा अधिक उद्बोधक वाटले.

गावातल्या गावात प्लॉट विकायचा तर जाहिरात लागत नाही, असे तो म्हणाला. पानटपरीवर दोन तास बसले की कोण विकतो नि कोण घेतो ते कळते. जाहिरात लागते ती गाव सोडून गेलेल्यांसाठी. चाकणच्या कारखान्यातला फिटर, भोसरीत भाड्याने राहणारा ड्रायव्हर, ठाण्याच्या शाळेतला शिक्षक हे त्याचे गिऱ्हाईक. पुण्यात त्यांना घर घेता येत नाही, हे त्यांना ठाऊक असते आणि त्याहून अधिक ते आमच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. फेसबुकला पैसे भरले की जाहिरात कोणाला दाखवायची ते निवडता येते; मूळ गावापासून दूर राहणाऱ्या माणसांचा एक वेगळा वर्गच त्यावेळी त्या यादीत होता. घराची ओढ हा ज्याचा स्थायीभाव, असा वाचकवर्ग यंत्राने आयता वेचून द्यावा, हे भाग्य आमच्या कोणत्या कवीला लाभले? शिवाय वेळ साधावी लागते. महिन्याची १ ते ७ तारीख, कारण पगार झालेला असतो. रात्री ८ नंतर, कारण माणूस जेवून मोबाईल घेऊन पडलेला असतो. आणि पोळा, गणपती, दिवाळी, कारण तेव्हा गावाची आठवण आपोआप येते, तिच्यासाठी वेगळा खर्च करावा लागत नाही.

पण फेसबुक हे त्याच्या दृष्टीने दुय्यम होते. खरा व्यवहार व्हॉट्सॲपवर. तो चाळीसेक गटांत होता: दहावीच्या बॅचचा गट, समाजाचा गट, क्रिकेटचा, रक्तदानाचा, वारीला जाणाऱ्यांचा. या सर्वांत तो रोज पहाटे ‘शुभ सकाळ’ पाठवी, कोणी वारले की सर्वांत आधी श्रद्धांजली वाही, कोणाच्या मुलीला बारावीत चांगले गुण पडले की अभिनंदन करी. प्लॉटचा विषय तो आठवड्यातून एकदाच काढी. “आंधी माणूस व्हा लागते सर, मंग एजंट.” हे वाक्य त्याने निर्मळपणे उच्चारले, आणि आम्हीही त्यातली गंमत तेवढी घेतली.

जाहिरातीत भाव कधी लिहायचा नाही, हा त्याचा दुसरा नियम. ‘दरासाठी संपर्क करा’ एवढेच लिहायचे, म्हणजे माणूस फोन करतो, आणि फोन आला की नंबर मिळतो. त्या नंबराला ‘लीड’ म्हणतात. प्लॉट विकला गेला नाही तरी लीड उरते, ती दुसऱ्या लेआऊटला चालते. स्टेटसवर टाकलेली जाहिरात चोवीस तासांत नाहीशी होते, हेही त्याला सोयीचे वाटे. आज अमुक लिहिले, उद्या तमुक.

त्याच्या जुन्या जाहिराती त्याने दाखवल्या, आणि आमच्यातला व्याकरणाचा मास्तर जागा झाला. त्यात वर्तमानकाळ जवळजवळ नव्हताच. एक शब्द मात्र पदोपदी होता: प्रस्तावित. प्रस्तावित रिंगरोड, प्रस्तावित एम.आय.डी.सी., प्रस्तावित ब्रॉडगेज स्टेशनपासून ५ मिनिटे. अचलपूर-मूर्तिजापूर ही आमची नॅरोगेज शकुंतला बंद पडून आता गवताखाली गेली आहे. पण जाहिरातीतल्या तिच्या वारसदाराचे स्टेशन पाच मिनिटांवर होते. अंतर मीटरात नाही, मिनिटांत. आणि कोणत्या वाहनाने, ते अध्याहृत. ‘फक्त’ आणि ‘मोजकेच’ ही दोन विशेषणे तर अशी की, ती काढली असती तर निम्म्या जाहिराती निःशब्द झाल्या असत्या. हे सारे आम्ही त्याला हसत हसत दाखवून दिले, आणि आपण याहून अभिरुचिसंपन्न लिहू शकतो, हे सिद्ध करण्याच्या भरात त्याच्या हातातली पावती उलटी करून तिच्यावर ते सहा शब्द लिहिले.

त्यापूर्वी त्याने आम्हाला जागेची ड्रोनने काढलेली चित्रफीत दाखवली होती. एक सपाट, मुरूम टाकलेला आयत, त्यावर पांढऱ्या रंगाचे सिमेंटचे खुंट, एक कमान, कडेने लकाकणारी पाण्याची रेघ. वर बासरीचे संगीत. अकोट रोडच्या बाजूला आहे, असे तो म्हणाला. अकोट रोडच्या बाजूला नेमकी कुठे, कोणाच्या शेतात, हे आम्ही विचारले नाही. ते आम्हाला सुचले नाही, असे लिहिणार होतो. पण खरे हे की त्या वेळी आम्ही ‘कुशीत’ की ‘कुशीला’ याच विचारात होतो.

वाचकांपैकी ज्यांनी साहित्यशास्त्राचा पेपर शिकला वा शिकवला असेल, त्यांना लक्षणेचे ते ठरीव उदाहरण आठवेल: गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे. वस्ती प्रवाहावर असू शकत नाही, म्हणून वाच्यार्थ बाधित होतो. मग ‘गंगेवर’ याचा अर्थ ‘गंगेच्या काठावर’ असा घ्यायचा. आणि सरळ काठावर न म्हणता गंगेवर म्हटल्याने जो थंडावा, जे पावित्र्य सुचते, ते व्यंजनेचे. आम्ही हे सत्तावीस वर्षे फळ्यावर लिहिले. उदाहरण इतके गुळगुळीत झाले होते की मुले ते ऐकताना खिडकीबाहेर बघत. ते मुळात एका वस्तीच्या जागेचे वर्णन आहे, म्हणजे ते प्लॉटच्या जाहिरातीचेही बीजवाक्य ठरू शकेल, हे आम्हाला कधी जाणवले नाही. ‘नदीच्या कुशीत’ हे आम्ही त्याच साच्यातून काढले होते. काठावर म्हणायचे नाही, कारण काठ म्हटला की पूर आठवतो. कूस म्हटली की आई आठवते.

पुढल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एक पस्तिशीचा माणूस अमरावतीला आमच्या घरी आला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. सुर्जीतला, चाकणला फिटर, त्याची आई सुर्जीत भाड्याच्या खोलीत एकटी राहते. आमच्या भावाने त्याला पाठवले होते, कारण ‘सर अर्ज चांगला लिहितात’ अशी आमची गावात ख्याती आहे, आणि समीक्षकाला ती पुरेशी आहे. प्लॉट घेऊन फसलो, अर्ज लिहून द्या, असे तो म्हणाला. मोबाईलवर त्याने दोन चित्रे दाखवली. पहिल्यात पोटरीभर गढूळ पाणी होते आणि त्यातून पांढऱ्या खुंटांची टोके तेवढी वर आलेली होती. मुरूम वाहून गेला होता आणि खालची काळी माती उघडी पडली होती. तीत पाय घातला की जोडा मागे राहतो. दुसरे चित्र एका स्टेटसचा स्क्रीनशॉट होता. चोवीस तासांत नाहीसे होणारे ते वाक्य त्याने आवडले म्हणून जपून ठेवले होते.

“ही वळ आईले फोनवर वाचून दाखवली सर,” तो म्हणाला. “तिचं माहेर नदीकाठचं. ते म्हणे, घे.”

वाक्य कोणाचे, हे त्याला ठाऊक नव्हते. आम्ही काही बोललो नाही. कागद पाहू, एवढे म्हणालो.

कागद म्हणजे शंभराच्या स्टँपवरची इसारचिठ्ठी. खरेदीखत झालेच नव्हते, कारण जमीन अजून सातबाऱ्यावर शेतीच होती, अकृषक झालेली नव्हती, आणि शेताचा असा दीड हजार चौरस फुटांचा तुकडा १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याच्या आड येत होता. पण आम्ही थांबलो ते त्यापुढच्या परिच्छेदाशी. जमिनीच्या प्रत्येक दस्तात तो असतो, आणि तो कोणी वाचत नाही. चतुःसीमा. पूर्वेस नाला, उत्तरेस शिवेचा धुरा, दक्षिणेस पांदण रस्ता, आणि पश्चिमेस अमक्याचे शेत. त्या अमक्याच्या जागी आमच्या वडिलांचे नाव होते.

वडिलांना जाऊन एकवीस वर्षे झाली आणि शेत विकून त्याहून अधिक. जुन्या खरेदीखतावरून चतुःसीमा जशीच्या तशी उतरवून घेण्याची लेखनिकांची रीत आहे, त्यामुळे मेलेली माणसे कागदावर एकमेकांची शेजारी म्हणून नांदत राहतात. आमचा तिथे पानमळा होता. नागवेल हादग्या-शेवरीवर चढवलेली, भोवती तट्ट्यांचे कुंपण, आत जाताना चपला बाहेर. भर उन्हाळ्यात आत गार काळोख. वेलाच्या मुळाशी पाणी साचले की वेल सडते, म्हणून मळा नेहमी उंचवट्यावर. आणि आमच्या मळ्याचे पाणी चरातून पूर्वेच्या शेतात उतरे. त्या शेताला सारे गाव लवण म्हणे. लहानपणी आम्हाला हा शब्द मिठाचा वाटे, कारण खाली दर्यापूरकडे खारपाणपट्टा आहे हे शाळेत शिकवलेले. पुढे कळले की लवणे म्हणजे वाकणे, झुकणे; जमीन जिथे झुकते ते लवण. श्रावणात तिथे गुडघाभर पाणी असे आणि आम्ही त्यात कागदाच्या नावा सोडत असू. भाद्रपदात बेडूक. त्या शेतात कपाशी टिकत नाही म्हणून शेजारी दरवर्षी कुरकुर करी आणि धुऱ्यावर उभा राहून आमच्या वडिलांशी चरावरून भांडे. ड्रोनच्या डोळ्याने तेच शेत आम्हाला दाखवले, आणि आम्ही ते ओळखले नाही.

या ओळख न पटण्याचा विचार आम्ही त्यानंतर फार केला. झाडे तोडली होती, मुरूम टाकला होता, वरून पाहिले होते, ही कारणे खरी आहेत. पण पुरेशी नाहीत. आमच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी ज्या पंथाचे नाते आहे, त्या महानुभावांनी स्थानपोथी नावाचा एक ग्रंथ ठेवला. श्रीचक्रधर आणि गोविंदप्रभू जिथे जिथे राहिले, त्या जागा नेमक्या कुठे आहेत, दार कोणत्या दिशेला, कशाच्या कोणत्या बाजूला, याच्याच त्या नोंदी. वाङ्मय म्हणून विद्यार्थी तिला रुक्ष म्हणतात. आम्हीही म्हणत आलो. पण ती घेऊन माणूस त्या जागी पोचू शकतो. चतुःसीमेचेही तसेच: ती जागेचे वर्णन करत नाही, जागेच्या शेजाऱ्यांची नावे सांगते. जाहिरातीत शेजारी नसतो. तिथे असतात मिनिटे, आणि न झालेले रस्ते. शेजारी काढून टाकला की लवणाचाही हिल व्ह्यू होतो. आमच्या गावाचे नाव इतिहासात आले तेही जमिनीच्याच एका कागदापायी: ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी इथे तह केला, आणि गंगा-यमुनेच्या दुआबापासून भरुच, अहमदनगरपर्यंत मुलूख गेला. पण त्या तहातही काय चालले आहे ते नावांनिशी लिहिलेले होते. कुशीत वगैरे काही नव्हते.

गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, शेंडगावचा. शेंडगाव आमच्याच तालुक्यात. त्यांच्या चरित्रांत मामाच्या जमिनीची हकिगत येते: सावकाराच्या कागदात ती गेली, कारण कागदात काय लिहिले आहे ते मामाला वाचता आले नाही. पुढे बाबा कीर्तनात मुलांना शिकवा म्हणून जीव तोडून सांगत, त्यामागे ही जमीन असावी, असे आम्हाला नेहमी वाटत आले. आम्ही ज्या महाविद्यालयात शिकवले, तसली महाविद्यालये खेड्यापाड्यांत निघाली ती याच भरवशावर. तो फिटर बारावी झालेला आहे. त्याला वाचता येत होते. किंबहुना त्याने वाचले, त्याला आवडले, आणि आईलाही वाचून दाखवले. मामाला न वाचता आल्याने जे झाले ते याला वाचता आल्याने झाले, असे वाक्य मनात आले, आणि तेही फार सुबक झाले म्हणून त्या दिवशी आमचा आम्हालाच राग आला.

चहा झाल्यावर आम्ही त्याला सांगितले. स्क्रीनशॉटमधली ओळ आमची आहे, पैसे घेऊन लिहिलेली नाही, पण आमची आहे. आणि तुमच्या प्लॉटच्या पश्चिमेला आमचे शेत होते. तो बराच वेळ मोबाईलकडे पाहत राहिला. आम्ही त्याच्या संतापाची वाट पाहत होतो. तो म्हणाला, “मंग तं अर्जात बराबर लेहता येईन तुमाले.”

मग आम्ही कायदा वाचायला घेतला, जो जाहिरात लिहिण्यापूर्वी वाचायला हवा होता. २०१६ चा स्थावर संपदा कायदा आणि मे २०१७ पासून त्याखाली चालणारे महारेरा हे प्राधिकरण फ्लॅटपुरते आहे, असा आमचा समज होता. तसे नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे तरी आधी नोंदणी लागते; नोंदणीवाचून जाहिरात करणे हाच गुन्हा, मग ती भिंतीवर असो की भ्रमणध्वनीवर; आणि एजंटानेही नोंदलेले असावे लागते. कलम १२ असे की, जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून ज्याने पैसे दिले, त्याला भरपाई मागता येते. म्हणजे जाहिरात हा कायद्याच्या लेखी मजकूर आहे, अलंकार नव्हे. पुढे १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात अशा जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा झाला, आणि एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागू लागली. आमच्या ओळीच्या वेळी तो कोड नव्हता, पण नोंदणीचा क्रमांक हवा होता. तो नव्हता, आणि तो कुठे आहे असे आम्ही विचारलेही नव्हते.

विद्यार्थ्याला फोन केला. तो चिडला नाही, गांगरला. जमीन त्याची नव्हती. मूळ शेतकऱ्याकडून मुखत्यारपत्र घेतलेल्या कोणा तिसऱ्याची होती, याला दोन टक्के मिळायचे. “सर, चार मयने पानी रायते, आठ मयने तं कोल्डंच असते ना,” असे तो आधी म्हणाला. नंतर हळूच म्हणाला की त्याने स्वतःही तिथे एक प्लॉट धरला आहे, बायकोचे दागिने मोडून. ते ऐकल्यावर त्याला जे सुनवायचे ठरवले होते ते आम्हाला सुनवता आले नाही. लवण हे नाव त्याला माहीत नव्हते. तो सुर्जीच्या दुसऱ्या टोकाचा. आणि तोवर त्या शेताला कोणी लवण म्हणत नव्हते. ते म्हणणारे आम्हीच उरलो होतो.

अर्ज लिहायला तीन दिवस लागले. ते सहा शब्द सुचायला तीन मिनिटेही लागली नव्हती. आम्ही विशेषणे काढत गेलो. गट क्रमांक, क्षेत्र, इसाराची रक्कम, तारखा, चतुःसीमा. पूर्वेकडच्या नाल्यापुढे आम्ही कंसात लिहिले: पश्चिमेकडील जमिनीचा उतार या जमिनीत असून पावसाळ्यात येथे पाणी साचते, गावात या शेतास लवण म्हणतात, खाली सही करणार यांना हे लहानपणापासून ठाऊक आहे. मग जाहिरातीचा मजकूर जसाच्या तसा अवतरणात घातला. गंगेवरची वस्ती खरोखरच गंगेवर निघाली होती, वाच्यार्थ आता कुठेच बाधित होत नव्हता; तेव्हा त्या ओळीखाली खुलासा म्हणून काही लिहावे लागले नाही. मजकूर कोणी लिहिला, हा प्रश्न तक्रारीच्या नमुन्यात नव्हता. आम्ही तो वेगळ्या ओळीत लिहून खाली सही केली.

तक्रार जाणार असे कळताच त्या तिसऱ्या माणसाने तडजोडीचे बोलणे लावले. फिटरला पुण्याहून तारखांना यायला रजा मिळत नव्हती, त्याने ते मानले. इसारापैकी निम्मी रक्कम हप्त्याहप्त्याने दोन वर्षांत परत आली. निम्मी अजून यायची आहे. त्याची आई सुर्जीतल्या त्याच खोलीत आहे. गेल्या पोळ्याला आम्ही तिला भेटायला गेलो, तर तिने ओसरीवर सतरंजी टाकली, आणि मुलाने सांगितलेले असूनही आम्हाला काही विचारले नाही. माहेरची नदी कोणती, असे आम्हीच विचारले. ती म्हणाली, चंद्रभागा. आणि घर काठापासून किती लांब होते, ते पावलांत सांगितले.

विद्यार्थ्याचे ‘शुभ सकाळ’ आम्हाला अजून रोज येते.